सत्तरची रेघ

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातली दोन फुप्फुसं तपासली. दोन नाही, चार म्हणा. एक जोडी माझी, वय ७२. दुसरी नातीची, वय २४. मला ठाणे स्टेशनचा पूल चढताना मध्येच कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. तिला रात्री दोन-अडीचला खोकल्याची उबळ यायची आणि घोडबंदर रोडवर रिक्षात बसली की छाती आवळायची. जवळच्याच एका ठिकाणी दोघांनीही स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसं मोजायची तपासणी, करून घेतली.

हे प्रकरण गमतीचं आहे. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर उभी मुलगी ओरडते, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" मी शहाणपणा करून आधीच कवळी काढून रुमालात बांधली होती. ओठ नळीभोवती मिटेनात, सगळी हवा गालातून फुस्स. ती म्हणाली, "आजोबा, घट्ट बसते ना? मग दात घाला परत." चौथ्या फुंकेला कुठे जमलं.

यात दोन आकडे महत्त्वाचे. जोर लावल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, आणि पूर्ण रिकामं होईपर्यंत एकूण किती. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. माझे १.८८ आणि २.८० लिटर, म्हणजे ०.६७. नातीचे २.१० आणि २.८८, म्हणजे ०.७३. रिपोर्टवर शिक्के पडले: मला सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार), तिला नॉर्मल.

मी आयुष्यात विडी ओढलेली नाही. बायकोने मात्र त्या संध्याकाळी विचारलंच, "वागळेला कामावर असताना चोरून ओढत होतात का?" (विडी न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, धुळीने, चुलीच्या धुराने. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.) आणि नात रात्री खोकतच होती, नॉर्मल असून.

वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. कागद हातात आला की आधी टॉलरन्सचा, म्हणजे किती फरक चालेल त्याचा, रकाना शोधायचा, ही खोड जात नाही. रिपोर्टवर तो होता. बारीक अक्षरात, 'एलएलएन', म्हणजे नॉर्मलची खालची मर्यादा. माझ्यासमोर ०.६३, नातीसमोर ०.७६. मशीनने छापलं होतं, वाचलं कुणी नव्हतं. मी खालच्या मर्यादेच्या वर होतो आणि ती खाली!

छातीच्या डॉक्टरांना ते दाखवलं तर हसले. "काका, तुम्ही कामाला कुठे होतात?" मग समजावलं. वय वाढतं तसा फुप्फुसाचा ताण सैल पडतो, हवा सावकाश निघते, त्यामुळे धडधाकट माणसाचाही हा भागाकार उतरत जातो. त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसांपैकी शंभरात पाचच ज्याच्या खाली जातात, ती ही मर्यादा. पुष्कळ ठिकाणी सोपं म्हणून सगळ्यांना ०.७० ची एकच रेघ लावतात. तिच्यामुळे म्हातारे फुकट आजारी ठरतात आणि तरुण निसटतात. बारा मिलिमीटरच्या पिनला दहाचं गेज लावून रिजेक्ट करण्यातला हा प्रकार. शिवाय सीओपीडी म्हणण्याआधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पुन्हा फुंकून घ्यावं लागतं, ते तर केलंच नव्हतं.

ते मग केलं. नातीने सकाळपासून पंप घेतला नव्हता, तसं बजावलं होतं. स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) साल्ब्युटामॉल या औषधाचे चार पफ, पंधरा मिनिटं बाकावर, पुन्हा फुंक. तिची पहिल्या सेकंदाची हवा २.१० वरून २.४३ वर गेली. दम्यासाठी बघतात त्या वाढीच्या दोन्ही रेघा, बारा टक्के आणि २०० मिली, ओलांडून. माझी जेमतेम ६० मिलीने हलली. तिला दमा. मला दमाही नाही नि सीओपीडीही नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, ९.६. त्याचा शोध वेगळा चालू आहे.

"लग्नाच्या मुलीच्या कागदावर दमा कशाला लिहायचा," असं बायकोचं म्हणणं. नात म्हणाली, "आजी, मला रात्री झोप हवीय."

डॉक्टरांनी तिला घरी पीक फ्लो मीटर (फुंकेचा जास्तीत जास्त वेग, मिनिटाला किती लिटर, ते दाखवणारा) दिला, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकायला. मी लगेच ग्राफ पेपर आणला आणि फ्रिजवर कंट्रोल चार्ट, म्हणजे रोजच्या आकड्यांचा आलेख, चिकटवला. उपचाराआधी सकाळी २९०, संध्याकाळी ३६०, करवतीच्या दातांसारखी रेघ. रोजचा पंप सुरू झाल्यावर महिन्याभरात दात बोथट झाले. आता सकाळीही ३५० च्या आसपास असते.

परवा बायकोने मीटर धुऊन गुपचूप फुंकून पाहिलं. २४०.

"हे चांगलं की वाईट?"

म्हटलं, "आधी उंची सांग."

"इतक्या वर्षांत मोजली नाहीत?" म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. टेप मी काढून ठेवली आहे.