मातीचे घडे

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि आधी आठवली ती एक चिठ्ठी. आठवीत मीच लिहिलेली. सकाळच्या प्रार्थनेत शास्त्रपाठ वाचायला सरांनी माझं नाव घातलं होतं. मी अडखळत बोलायचो. 'प'वर तर श्वासच कोंडायचा. म्हणून वहीचं पान फाडून लिहिलं, 'सर, कृपा करून दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.'

सर रागावले नाहीत. त्यांनी बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाचा 4 था अध्याय काढला आणि 13 व्या वचनावर बोट ठेवलं. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामगिरीतून सोडवायला देव मोशेला पाठवत होता, आणि तोही देवाला नेमकं हेच विनवत होता. मी जिभेचा जड आहे, हे तो त्याआधीच सांगून मोकळा झाला होता. मला वाटलं, आता देव त्याची जीभ मोकळी करणार. पुढे वाचलं तर तसं कुठे लिहिलेलंच नाही. देवाने त्याच्या जोडीला त्याचा भाऊ अहरोन दिला आणि त्याला तसाच मिसरच्या राजाकडे, फारोकडे धाडला.

"मी तुझ्या शेजारी उभा राहतो," सर म्हणाले.

उतारा होता योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13 व्या अध्यायातला, येशू पेत्र आणि इतर शिष्यांचे पाय धुतो तो. पाय, पाणी, पेत्र. सगळे 'प'चेच शब्द! 'पेत्र'वर मी अडकलो. ओठ मिटले ते उघडेनात. सगळी शाळा समोर. सरांना शब्द पुरवता आला असता, पण त्यांनी पुरवला नाही. घाई नाही, कीव नाही. पानाचा उडणारा कोपरा तेवढा अंगठ्याने दाबून धरला आणि थांबले. शब्द आला. पुढच्या ओळीत पुन्हा अडकलो, ते पुन्हा थांबले.

त्या उताऱ्यातला पेत्र मला पुष्कळ वर्षांनी उमगला. 'माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत,' हे त्याचं बोलणं किती नम्र वाटतं! पण येशू ते मानत नाही. 'मी कुठला लायक' म्हणत हात आखडून घेण्यातही आपलंच म्हणणं खरं करण्याचा हट्ट असतो. माझी चिठ्ठी त्याच जातीची होती. मी तिला नम्रता समजत होतो. ती भीती होती.

नम्रता कशी असते ते सरांच्याच तासाला पाहिलं. शत्रूशी लढायला सैन्य घेऊन निघालेल्या इस्राएली पुढारी गिदोनाची बायबलातली गोष्ट सांगताना त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'घरी गेले 10,000, उरले 22,000.' मागच्या बाकावरचा एक मुलगा, अभ्यासात सगळ्यांत कच्चा, चाचरत म्हणाला, "सर, उलटं आहे." सरांनी पुस्तकात पाहिलं. "तुझं बरोबर, मी चुकलो," म्हणत त्यांनी खडू त्याच्या हातात दिला आणि स्वतः त्याच्या जागी जाऊन बसले. 32,000 मधून 22,000 परतले, 10,000 उरले आणि कोण पाणी कसं पितो या पारखीनंतर फक्त 300, हे सगळं त्या मुलाने फळ्यावर मांडलं. इतकी माणसं का कमी केली? आम्ही आमच्याच हाताने जिंकलो, अशी फुशारकी इस्राएलाने मारू नये म्हणून. शेवटी त्या 300 जणांच्या हातात होती रणशिंगं आणि रिकामे घडे, घड्यांत मशाली. घडे फुटले तेव्हाच उजेड बाहेर पडला.

येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या 2 ऱ्या पत्रातही मातीची भांडी आहेत, आणि त्याच पत्राच्या 12 व्या अध्यायात देहातला काटा, त्याला सतत सलणारी एक व्यथा. तो काढावा म्हणून पौलाने 3 वेळा विनंती केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' शाळेत असताना हे उत्तर मला अपुरं वाटायचं. मीही रोज रात्री जीभ सुटावी म्हणून मागत असे. ती आजही पुरती सुटलेली नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी पक्षाघात झालेल्या रुग्णांजवळ जाऊन बसतो. काहींची वाचा गेलेली असते. शब्द मनात असतो, तोंडात येत नाही. घरचे मायेपोटी घाईने वाक्य पुरं करून टाकतात आणि रुग्ण भिंतीकडे तोंड फिरवतो. मला थांबता येतं. त्या बंद ओठांच्या आत काय चाललंय, ते मी आतून ओळखतो. बोलणं सफाईदार असतं, तर हे काम मला जमलं असतं असं मला वाटत नाही. देवाने माझ्यातलं हेच नेमकं उचललं, याचं नवल अजून ओसरत नाही.

मागच्या महिन्यात एक आजोबा असेच अडले होते. ओठ मिटलेले, कपाळाची शीर फुगलेली. तांब्या समोरच होता, पण मी हात पुढे केला नाही. त्यांच्या उशाशी, सर उभे राहायचे तसा, उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ओठ सुटले.

"पाणी," ते म्हणाले.