ऑक्टोबरचं बिल 196 युनिट, जानेवारीचं 268: गीझरचा हिशेब मीटरवर

नाशिकमधलं चार माणसांचं घर, 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा साठवणीचा गीझर आणि दोन बिलांत 72 युनिटांचा फरक. हा फरक मी ज्या क्रमाने शोधला, त्याच क्रमाने लिहितो.

आधी रुपये बाजूला ठेवले आणि मागील व चालू रीडिंगच्या तारखांमधले दिवस मोजले. ऑक्टोबरचं बिल 31 दिवसांचं होतं, जानेवारीचं 34. रोजचे 6.3 युनिट धरले तर नुसत्या तीन जादा दिवसांचेच 19 युनिट. बिलात रीडिंगऐवजी सरासरी युनिट लावले असतील, तर ही तुलना करूच नका. खरं रीडिंग आलं की आधीचा कमी-जास्त वापर त्या बिलात जुळवला जातो आणि एखाद्याच महिन्याचा आकडा विनाकारण फुगतो किंवा आटतो.

मग पाण्याचं तापमान. खरा खर्च इथेच आहे. गच्चीवरच्या टाकीतून सकाळी येणारं पाणी ऑक्टोबरात 27 अंश होतं, जानेवारीत 16. हिशेब सोपा: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले 860, म्हणजे युनिट. अंघोळीला 42 अंशांचं 20 लिटर पाणी लागतं असं धरू. 27 वरून 42 वर न्यायला 0.35 युनिट लागतं, 16 वरून न्यायला 0.6. चार अंघोळींमागे रोज एक युनिट जास्त, 34 दिवसांत साधारण 35. अंघोळ तीच, बादली तीच. गार पाणी तापवायला वीज जास्त लागते, एवढंच.

72 मधून हे 19 आणि 35 वजा केले, उरले 18. थंडीत पंखे बंद होते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त वीज कुठेतरी जात होती. आता गीझरच तपासायला हवा होता. त्याआधी मीटर: बाकीचे सगळे एमसीबी (मीटरपाशी असलेल्या बोर्डातली प्रत्येक लाइनची सुरक्षा बटणं) पाडून फक्त गीझर चालू ठेवला आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा मिनिटभर मोजला. एका युनिटला किती लुकलुक, हे मीटरवरच छापलेलं असतं. माझ्या मीटरवर 3200 आहे. 2 किलोवॅटला मिनिटाला सुमारे 107 लुकलुक यायला हव्यात. माझ्या 104 आल्या, म्हणजे मीटर पळत नव्हतं. व्होल्टेज कमी असेल तर हा आकडा चांगलाच खाली येतो: 230 ऐवजी 210 व्होल्ट मिळाले तर 2000 वॅटचा गीझर 1670 वॅटच ओढतो. त्याने बिल मात्र वाचत नाही, कारण पाणी तापायला तेवढाच जास्त वेळ लागतो.

चोर सापडला तो बाथरूममधल्या गरम-गार पाणी मिसळणाऱ्या मिक्सरच्या गरम बाजूच्या गळक्या नळात. खाली मोजपात्र ठेवलं, तासाला अर्धा लिटर भरत होतं. दिवसाला 12 लिटर, 16 वरून 55 अंशांवर: रोज 0.54 युनिट, 34 दिवसांत 18. गळती वर्षभराची असेलही, पण थंडीत बटण दिवसभर चालूच राहायचं, म्हणून ती बिलात उतरली. नळाचा वॉशर बदलला, गळती थांबली. गीझरवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचंही बघा. तापताना पाणी फुगतं, त्यामुळे तेव्हा चार थेंब पडणं ठीक. सतत ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा टाकीचा दाब जास्त आहे. तो व्हॉल्व्ह बूच मारून कधीच बंद करू नका.

थर्मोस्टॅट 60 वरून 50 वर आणला की बिल धाडकन उतरतं, असं बरेचजण सांगतात. अंघोळीच्या पाण्यात तरी तसं होत नाही. 60 अंशांचं पाणी कमी लागतं, 50 चं जास्त. बादलीतली उष्णता तीच. वाचते ती टाकीत उरलेल्या पाण्यातून झिरपणारी उष्णता. म्हणून शेवटच्या अंघोळीच्या आधीच बटण बंद करणं जास्त उपयोगाचं, टाकीत गार पाणी उरतं. कोमट पाणी मात्र दिवसेंदिवस साठवून ठेवू नये, त्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात.

बोअरच्या पाण्याचा क्षार कॉइलवर बसतो, पण त्यानेच युनिट वाढले असं समजू नका. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. नुकसान कॉइलचं होतं: ती आतून जास्त तापते, फुटते आणि वीज पाण्यात उतरते. आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण) वारंवार पडत असेल तर गीझर वापरू नका, प्लगच काढून ठेवा.

रुपयांकडे आत्ता वळू. महाराष्ट्रात घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात आणि वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. गीझरचे जादा युनिट नेहमी सर्वांत वर बसतात. म्हणून बचत मोजताना बिलाचा सरासरी दर घेऊ नका, तुमच्या शेवटच्या टप्प्याचा घ्या, त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा दर युनिटमागचा आकार) मिळवा आणि वर 16 टक्के वीज शुल्क धरा.