जुना टिलर आणि नागदेवी स्ट्रीट

मुंबईत इतका जुना पॉवर टिलर, म्हणजे मागून धरून चालवायचं दोन चाकांचं मशागतीचं यंत्र, का ठेवलाय असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला आमच्या वाडीत जो कुणी येतो, तो टिलरच्या पत्र्याच्या शेडपाशी थांबतोच. "मुंबईत पॉवर टिलर? आणि इतका जुना? विकून नवा का घेत नाही?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धंच राहतं. पुरं उत्तर द्यायचं तर एका वाक्यात सांगता येतं: हा टिलर आजवर टिकलाय तो मुंबईमुळे.

मुंबईत ट्रॅक्टरचं नवल वाटणाऱ्यांना मी आधी कांदिवलीची आठवण करून देतो. महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी 1963 मध्ये एकत्र आली आणि बी-275 हा ट्रॅक्टर कांदिवलीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला. त्याच हार्वेस्टरने त्याआधी दोन वर्षं, 1961 मध्ये, अमेरिकेत कब कॅडेट नावाचा बागेतला छोटा ट्रॅक्टर काढला होता. तिकडे आजही लोक त्या पहिल्या कब कॅडेटी जपतात, त्यांची जुनी अवजारं शोधत फिरतात. म्हणजे तिकडच्या बागेतल्या ट्रॅक्टरचं आणि आपल्या कांदिवलीचं घराणं एकच.

पण आमच्या वाडीला चारचाकी ट्रॅक्टर चालत नाही. तुकडे लहान, बांध वाकडे, मध्ये नारळ आणि ताड. ट्रॅक्टर वळेपर्यंत शेत संपतं. म्हणून बैलजोडी गेल्यावर बाबांनी दोन चाकांचा टिलर घेतला, तोही सेकंडहँड. बंगळुरूला मित्सुबिशीच्या आणि केरळात कुबोटाच्या जपानी घडणीवर आपल्याकडे टिलर बनू लागले, त्याच पिढीतला हा. आडवं, एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं डिझेल इंजिन. सेल्फ नाही, बॅटरी नाही. डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ दाबून हँडल फिरवायचं, फ्लायव्हीलने, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाने, वेग धरला की कळ सोडायची. इंजिन चांगलं असेल तर लगेच बोलतं.

आता मुंबईची गोष्ट. मशीद बंदराजवळचा नागदेवी स्ट्रीट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा जाऊन यावं. बेअरिंग, बेल्ट, ऑइल सील, नट-बोल्ट, पुली, चेन, सगळं त्या एका गल्लीत आणि तिच्या फाट्यांत मिळतं. जुन्या यंत्राचा मोठा गुण असा की त्याचे बरेचसे झिजणारे भाग कंपनीच्या नावावर चालत नाहीत, मापावर चालतात. बेअरिंगवर 6205 कोरलेलं असलं की आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52, जाडी 15. मग ते बेअरिंग कुठल्याही देशात आणि कुठल्याही साली बनलेलं असो, बसणारच. ऑइल सीलवरही तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, घराचा व्यास, जाडी. इंजिनापासून क्लचपर्यंत ताकद नेणारे व्ही-बेल्ट सेक्शन (पट्ट्याच्या छेदाचा आकार) आणि लांबीच्या आकड्यावर मिळतात. मी जुना भाग रुमालात गुंडाळून नेतो, दुकानदार व्हर्निअर लावून माप घेतो, आणि टिलर कुठला हे विचारतसुद्धा नाही. संध्याकाळी मी पुन्हा लाँचमध्ये.

जे बाजारात मिळत नाही ते लेथवर होतं. बुश (शाफ्टभोवतीची धातूची नळी) झिजला तर गनमेटलचा, म्हणजे एक प्रकारच्या काशाचा नवा, पिन झिजली तर इएन-8 पोलादाची. गिरण्या आणि कारखान्यांमुळे या शहरात टर्नर-फिटरांची पिढीच्या पिढी तयार झाली. ते कारखाने गेले, पण हात अजून आहेत. माप तोंडी सांगितलं तरी हे लोक आधी झीज बघतात, घासल्याची खूण कुठल्या बाजूला आहे ते बघतात आणि मग सांगतात, "बुश करून देतो, पण शाफ्ट वाकलाय, तो आधी सरळ करा." असं सांगणारा माणूस जवळ असणं ही मला नव्या यंत्राच्या वॉरंटीपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

टिलर म्हणजे खरं तर त्याची अवजारं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. नुसतं इंजिन काही पिकवत नाही. पावसाळ्यात भातासाठी रबरी चाकं काढून लोखंडी केजव्हील चढवतो, नाहीतर चिखलात चाक जागीच फिरतं. भात निघालं की रोटरी, म्हणजे फिरत्या पात्यांचं माती उकरायचं अवजार, आणि रबरी चाकं. मग मुळा, माठ, वांगी, वाल, त्यासाठी सरी पाडायचा रिजर. उन्हाळ्यात बेल्ट उतरवून इंजिनाच्या पुलीवर पाण्याचा पंप. आणि वर्षभर ट्रॉली: शेणखत, झावळ्या, वाळू, लग्नातल्या खुर्च्या.

यात सगळ्यात शिकण्यासारखी रोटरी. फिरत्या पात्यांनी माती उकरायची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलाने 1912 च्या सुमारास वडिलांच्या शेतावर करून पाहिली. त्याची पहिली पाती माती बाजूला उडवून टाकायची. पाती इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवली, तेव्हा ते थांबलं. हे नुसतं वाचून पटत नाही, पाना हातात घेतल्यावर पटतं. रोटरीवर डावी आणि उजवी अशी दोन वळणांची पाती असतात. सगळी आत तोंड करून बसवली तर मधोमध वरंबा उभा राहतो, बाहेर तोंड केली तर मधोमध चर पडतो, आलटून पालटून लावली तर जमीन सपाट निघते. वाफे करताना मी आतली रचना लावतो, चर पाडताना बाहेरची. चार बोल्ट इकडचे तिकडे केले की तेच अवजार दुसरं काम करतं. पाती गोराईच्या रेताड मातीत भराभर झिजतात. कड बोथट होऊन पातं अरुंद झालं की इंजिन उगाच धापा टाकतं, डिझेल जास्त जातं. तेव्हा पाती बदलायची, आणि बदलायची ती सगळी एकदम, नाहीतर रोटरी थरथरते.

टिलरचा खरा शत्रू खारा वारा. काम झालं की गोड्या पाण्याने धुणं, वाळवणं, पात्यांना आणि उघड्या लोखंडाला जुनं इंजिन ऑइल फासणं, हे रोजचं. अवजारं जमिनीवर कधीच टेकवत नाही, फळ्यांवर ठेवतो. रेडिएटरमध्ये मे महिन्यातलं विहिरीचं मचूळ पाणी घालत नाही. मीठ आणि क्षार आत साचतात आणि इंजिन आतून गंजतं. त्यासाठी पावसाचं पाणी पिंपात वेगळं राखून ठेवलेलं असतं, आणि घरात सगळ्यांना माहीत आहे की त्या पिंपाला हात लावायचा नाही.

चालवायला घेणाऱ्याला मी आधी साइड क्लच, म्हणजे एकेका चाकाची ताकद तोडणाऱ्या हँडलवरच्या कळी, समजावतो. डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवं ढकलतं, टिलर डावीकडे वळतो. पण उतारावर उलटं होतं. तिथे इंजिन चाकांना धरून ठेवत असतं; डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं सुटतं, पुढे धावतं आणि टिलर उजवीकडे जातो. ट्रॉली भरलेली असताना हे विसरणं म्हणजे थेट खड्ड्यात. दुसरं, रोटरी फिरत असताना मागे यायचं नाही, आधी रोटरी बंद आणि मगच रिव्हर्स. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही, पाहुण्यांच्या मुलांना टिलर चालू असताना जवळ येऊ देत नाही.

नव्या टिलरला माझा विरोध नाही. ज्याला रोज भाड्याने फिरवायचा आहे त्याने नवाच घ्यावा. आमच्यासारख्या दोन-चार तुकड्यांच्या वाडीला मात्र जुना पुरतो.

तुमच्यापैकी काहींनी पुढचं विचारलंत, आम्हालाही असा जुना घ्यायचा आहे, काय बघावं? इंजिन थंड असताना जा; विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत फिरा. हँडल सावकाश फिरवून बघा, कॉम्प्रेशनला हात अडला पाहिजे. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. चाक दोन्ही हातांनी धरून हलवा, खडखड आली तर बेअरिंग गेलंय, पण ते 6205 च्याच भाऊबंदांपैकी असेल, घाबरू नका. आणि रोटरी, केजव्हील, ट्रॉलीची पिन हे सगळं समोर जोडून दाखवायला सांगा. अवजारांशिवाय नुसतं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. मागच्या फ्लँजचे (अवजार जोडायच्या चकतीचे) बोल्ट जुळणारी रोटरी नंतर शोधायला निघालात तर ती नागदेवीतही मिळत नाही.