कुकर दिसतोय, काकू

गाडीचा विमा संपला तेव्हा आमची ईको व्हॅन सुताराच्या दारात उभी होती. पलंगाचे खोके, भांड्यांचा कप्पा, खिडक्यांच्या जाळ्या या नादात तारीख उलटून गेली, आणि ते ना माझ्या लक्षात आलं, ना ह्यांच्या. चार महिने गेले. ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, तसा आमचाही गेला. इतकी वर्षं गाडीला ओरखडा नाही, ५० टक्के सूट मिळत होती. त्या रात्री हे जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, लगेच काढला, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. पूर्ण विम्यासाठी मात्र, मध्ये खंड पडल्यामुळे, कंपनीला आधी गाडी बघायची होती. हल्ली त्यासाठी कुणी येत नाही. फोनवर लिंक येते, आपणच व्हिडिओ काढून पाठवायचा. पाठवला. तासाभरात एजंटचा फोन.

"काकू, मागे कुकर दिसतोय."

"कुकरच आहे तो."

"म्हणजे... तुम्ही गाडीत राहता?"

राहतो. साताऱ्याचं घर भाड्यानं दिलंय आणि वर्षातले आठेक महिने आम्ही दोघं गाडीत असतो. "असं नका सांगू. सामान उतरवा आणि परत व्हिडिओ काढा," म्हणाला. मी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांचे फॉर्म तपासलेत. उद्या गाडी ठोकली तर नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरला पलंग दिसणारच, तेव्हा काय सांगायचं? मुलगा वाईट नव्हता, त्याला केस लवकर उरकायची होती इतकंच.

त्या कंपनीनं नाही म्हटलं. दुसरीनं विचारलं, मागची सीट कुठाय? ती आमच्या माळ्यावर होती! आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, आसनं ५ आणि गाडीत २, हे चालणार नाही. कायमचा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. त्या फेऱ्या मारायची आमची तयारी नव्हती. सीट परत बसवली, पलंग तिच्यावरून जाईल असा चार इंच उचलला आणि बोल्ट काढून पट्ट्यांनी बांधला. आता पलंगावर ताठ बसलं की ह्यांचं डोकं छताला लागतं. रोज सकाळी त्याबद्दल ऐकून घेते.

बॅटरी आणि सौर पॅनेल वेगळं दाखवलं. ३०,००० रुपये किंमत, त्यावर ४ टक्के म्हणजे १,२०० रुपये हप्त्यात वाढले. ते मला पटलं. गाद्या, भांडी, शेगडी, ह्यांचा रेडिओ यातलं काहीच गाडीच्या विम्यात येत नाही. घरच्या सामानाचा विमा विचारला तर तो पत्त्यावरचा, आणि त्या पत्त्यावर आता भाडेकरूचं सामान.

पलंग सुटा आहे आणि आम्ही गाडीत मुक्काम करतो, हे कंपनीला ईमेलनं कळवलं. त्यांचं "नोंद घेतली" असं उत्तर आलं, त्याची प्रिंट पॉलिसीला टाचून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलीय. परवा कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरतोय. कुकरची शिट्टी तेवढी घरी राहिली, वाटेत पाटणला बघते.