सुपरमॅन खाली बघतो का?

सुपरमॅननं खलनायक झॉडची मान मोडली म्हणून लोक भडकले, असं झॅक स्नायडरच्या ‘मॅन ऑफ स्टील’ या सिनेमाबद्दल सगळेच सांगतात. मला ते कधी पूर्ण पटलं नाही. मान मोडायचा प्रकार शेवटच्या मिनिटभराचा. बिनसलं त्याच्या आधीच, आणि नेमकं कुठे तेही दाखवता येतं. मेट्रोपोलिस या सुपरमॅनच्या शहरातल्या रस्त्यावर झॉड एक टँकर सुपरमॅनच्या अंगावर उडवतो. सुपरमॅन उडी मारून तो चुकवतो. टँकर मागच्या पार्किंगच्या इमारतीत घुसतो आणि फुटतो.

२०१३ च्या जूनमध्ये थिएटरात माझ्या तोंडून “अरे, झेल ना!” असं बऱ्यापैकी मोठ्यानं निघून गेलं. पुढच्या रांगेतला कॉलेजातला पोरगा वळून म्हणाला, “काका, बघू द्या ना.” मी तेव्हा पस्तिशीलाही टेकलो नव्हतो, त्यामुळे ते ‘काका’ जरा लागलंच. पण पोरगा चुकीचं काही बोलला नव्हता. शॉट एकच होता. तो सुपरमॅनकडे बघत होता आणि मी पार्किंगकडे.

माझं पार्किंगकडे बघणं थोडं धंद्यामुळेही असेल. मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमाच्या दृश्य करामतींच्या कामात आहे. सुरुवात रोटोवर, म्हणजे दिवसभर नटाच्या केसांभोवती कडा काढत बसायचं. मग पेंट, म्हणजे हिरोच्या पाठीवरच्या वायरी पुसायच्या. आता कॉम्प करतो, म्हणजे सगळे थर जोडून एक शॉट बनवायचा. कॉम्पवाल्याकडे शॉटचे सगळे थर सुटे सुटे येतात: मूळ प्लेट म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र, सीजी म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली इमारत, ढिगारा, धूळ, धूर, आग, माणसं. इमारत कोसळायच्या शॉटमध्ये माणसांचा थर असतोच असं नाही. तो कुणीतरी मागावा लागतो. “खाली गर्दी हवी” असं सुपरवायझर म्हणाला तर गर्दी येते. नाही म्हणाला तर धुळीचा थर वाढवून भागतं. म्हणून पडद्यावर काही कोसळलं की माझी नजर आपसूक खाली जाते.

रिचर्ड डॉनरच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये गर्दी मागवलेली आहे, तीही खरीखुरी. मी तो पहिल्यांदा बघितला व्हिडिओ लायब्ररीच्या कॅसेटवर, आणि तेव्हापासून हेलिकॉप्टरचा प्रसंग मला जवळजवळ पाठ आहे. डेली प्लॅनेट या वर्तमानपत्राच्या गच्चीवर हेलिकॉप्टर केबलमध्ये अडकतं, कठड्यावर कलंडतं, आणि तिथली बातमीदार लोइस लेन सीटबेल्टला धरून लोंबकळते. तिची टोपी खाली पडते ती रस्त्यावर क्लार्कला, म्हणजे साध्या कपड्यांतल्या सुपरमॅनला, सापडते. तो वर बघतो. कपडे बदलायला फोन बूथ शोधतो, तर समोर नव्या पद्धतीचा, आडोसा नसलेला उघडा फोन. त्याच्याकडे एक नजर टाकतो आणि पुढे पळतो. या सगळ्यात डॉनर पुन्हा पुन्हा खालच्या लोकांकडे येत राहतो, माना वर करून ओरडणाऱ्या. मग सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह झेप घेतो, लोइसला झेलतो आणि सांगतो, घाबरू नका, मी धरलंय तुम्हाला. ती म्हणते, मला तुम्ही धरलंय, पण तुम्हाला कुणी धरलंय? तेवढ्यात हेलिकॉप्टर सुटतं, आणि तो ते दुसऱ्या हातानं झेलतो.

लोइस तर वाचली होती. हेलिकॉप्टर पडू दिलं असतं तरी तिचं काही बिघडत नव्हतं. खाली लोक होते म्हणून झेललं. टाळ्या त्याला आहेत.

उडण्यासाठी तेव्हा झोरान पेरिसिकची झॉप्टिक नावाची पद्धत वापरली होती. प्रोजेक्टर आणि कॅमेरा, दोन्हींच्या झूम लेन्स एकाच वेळी चालवायच्या; मागचं चित्र आहे तेवढंच राहतं आणि समोरचा रीव्ह जवळ आल्यासारखा किंवा लांब गेल्यासारखा वाटतो. आज बघताना त्याच्या कडा दिसतात, मला तर दिसतातच. पण माझं एक मत आहे. उडणं इतकं किचकट होतं म्हणूनच सिनेमा सारखा जमिनीवर, माणसांत उतरत होता.

‘मॅन ऑफ स्टील’ करताना झॅक स्नायडरला ती अडचण नव्हती. सीजी कॅमेरा कुठेही नेता येतो. त्याला मात्र सुपरमॅन खरा वाटायला हवा होता, म्हणून कॉम्प्युटरमधला तो कॅमेराही हातात धरल्यासारखा हलतो, फ्रेम चुकते, झूम उशिरा होतो. बातम्यांचा कॅमेरामन कुठल्याशा छतावरून त्या दोघांना पकडायची धडपड करतोय असं वाटतं. काम म्हणून ते अफाट आहे. आमच्यातल्या कुणालाही विचारा, सिनेमा न आवडलेलेही त्या उडण्याबद्दल टोपी काढतात. पण असा कॅमेरा दोन बलवानांच्या मागे धावत सुटतो आणि मग त्याला खाली वळायला सवड मिळत नाही.

अन्याय नको. स्मॉलव्हिलमधल्या मारामारीत हाच सुपरमॅन लोकांना “आत जा, इथे धोका आहे” असं ओरडून सांगतो. हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या सैनिकाला झेलतो. म्हणजे स्नायडरला ते सुचलं नव्हतं असं अजिबात नाही. मेट्रोपोलिस कोसळायला लागतं तेव्हा सुपरमॅन हिंदी महासागरावर झॉडचं दुसरं यंत्र फोडतोय, हेही खरं. पण त्यामुळे गंमत अशी होते की शहरातलं सगळ्यात ‘सुपरमॅन’ वागणं डेली प्लॅनेटचा संपादक पेरी व्हाइट याच्या वाट्याला येतं. ढिगाऱ्याखाली अडकलेली त्याच्या ऑफिसातली जेनी निघत नाही, मृत्यू समोरून चालत येतोय, आणि पेरी झालेला लॉरेन्स फिशबर्न तिचा हात धरून तिथेच थांबतो. त्या अडीच तासांत माझे डोळे तिथे पाणावले, सुपरमॅनसाठी नाही.

दुसरी गोष्ट सर्टिफिकेटची, आणि हिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एवढा पैसा घातलेला सिनेमा अमेरिकेत पीजी-१३ च्या (तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणाऱ्या सर्टिफिकेटच्या) आत बसवावाच लागतो, नाहीतर पोरंटोरं आणि त्यांचे आईबाप येणार कुठून. पीजी-१३ मध्ये गगनचुंबी इमारती हव्या तेवढ्या पाडा, प्रेतं दाखवू नका. परिणाम असा की धूळ खरी, २००१ च्या न्यूयॉर्कची आठवण यावी अशी राख खरी, आणि माणसं नाहीत. ती भरायची की नाही हे प्रेक्षकावर सोडलेलं. काही जण मनातल्या मनात ती भरतात. एका मजल्यावर किती टेबलं असतील, असला हिशेब त्यांना सुटत नाही, आणि मग त्याच राखेत उभं राहून सुपरमॅन-लोइसनं घेतलेलं चुंबन त्यांना बघवत नाही. बाकीचे म्हणतात, पडद्यावर कुणी मेलेलं दिसलं का? नाही ना? मग बघू द्या ना, काका.

याला अंधाराचा दोष म्हणणं मला चुकीचं वाटतं. बॅटमॅनचा ‘द डार्क नाइट’ २००८ चा. त्यात नायिका मरते, गॉथम या बॅटमॅनच्या शहरातला सज्जन सरकारी वकील खुनी होतो, शेवटी बॅटमॅन फरार. त्याहून काळोखी काय असणार? तरी त्यावरून अशी भांडणं झाली नाहीत. मला त्याचं कारण दोन बोटींमध्ये सापडतं. खलनायक जोकरनं प्रत्येक बोटीवर दुसरी उडवायचं बटण ठेवलंय, मुदत मध्यरात्रीची. कॅमेरा त्या फालतू, अनोळखी प्रवाशांबरोबर बराच वेळ थांबतो. एक धिप्पाड कैदी बटण मागून घेतो आणि खिडकीबाहेर फेकून देतो. दुसऱ्या बोटीवरच्या कोट-टायवाल्याचाही हात अडतो. जोकर तिथे हरतो, आणि त्याला हरवणाऱ्या लोकांची नावंही आपल्याला माहीत नसतात.

“मूळ सुपरमॅन असा नव्हता” हा युक्तिवाद तर मी करतच नाही. सुपरमॅनचे जनक सीगल आणि शुस्टर यांचा १९३८ चा सुपरमॅन चांगलाच आडदांड होता. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटायचा, भ्रष्टाचाऱ्याला विजेच्या तारांवर नेऊन घाम फोडायचा. सुरुवातीचा बॅटमॅन तर माणसं मारायचा. आणि सुपरमॅननं मारणंही नवीन नाही. १९८८ मध्ये जॉन बर्नच्या कॉमिकमध्ये त्यानं तीन क्रिप्टोनियन गुन्हेगारांना, म्हणजे त्याच्याच जातीच्या लोकांना, क्रिप्टोनाइट हा त्यांना घातक दगड वापरून देहदंड दिला होता, त्यात एक झॉडच. पण त्यानंतर कॉमिक्सनी त्याला मोकळं सोडलं नाही. अपराधाच्या भावनेनं त्याचं डोकं ताळ्यावर राहिना, शेवटी तो पृथ्वी सोडून अंतराळात निघून गेला. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये झॉडची मान मोडल्यावर सुपरमॅन झालेला हेन्री कॅव्हिल जी किंकाळी फोडतो ती अस्सल आहे. पुढच्या प्रसंगात तो लष्कराचा ड्रोन पाडून जनरलशी हलकंफुलकं बोलतो. किंकाळी आणि ड्रोन यांच्यामध्ये काहीतरी हवं होतं.

आता माझी खरी तक्रार. मान, टँकर, पार्किंग सगळं एका बाजूला ठेवा. वावटळीचा प्रसंग मला अजून गिळवत नाही. कॅन्ससचा हायवे, पुलाखाली आडोशाला आलेले लोक, गाडीत राहिलेला कुत्रा. क्लार्कला वाढवणारा बाप जोनाथन केंट कुत्र्याला सोडवायला परत जातो, पाय दुखावतो, आणि चक्रीवादळ येतंय. क्लार्क झेपावणार तेवढ्यात बाप लांबूनच हात वर करतो. नको. लोकांना कळेल. क्लार्क थांबतो, आणि बाप झालेला केविन कॉस्टनर धुळीत नाहीसा होतो. त्याआधी याच बापाला लहान क्लार्कनं विचारलेलं असतं, बसमधल्या मुलांना बुडू द्यायचं होतं का? तेव्हाही उत्तर ‘कदाचित’.

डॉनरच्या सिनेमात हाच बाप हृदयविकारानं जातो. शेतावरच्या घरासमोर, काही सेकंदांत. क्लार्क नंतर म्हणतो, एवढी ताकद असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. लहानपणी ते ऐकून मला धक्का बसला होता, कारण याला काहीतरी जमत नाही ही कल्पनाच नवी होती. कॉस्टनरच्या प्रसंगात जमत होतं. जमत असून करायचं नाही, हे शिकवून बाप गेला. अभिनय दोघांचाही उत्तम, प्रसंग चित्रित केलाय तोही जबरदस्त, पण असा बाप लाभलेला मुलगा पुढे टँकर झेलेल कशाला?

आमच्या स्टुडिओत लाइटिंगला एक मुलगा आहे, स्नायडरचा कट्टर. २०२१ मध्ये चार तासांची ‘जस्टिस लीग’ आली तेव्हा त्यानं रात्रपाळी करून आल्यावर ती सलग बघितली. त्याच्याशी माझं यावर नेहमी वाजतं. तो म्हणतो, “दादा, तुम्हाला देवळातली मूर्ती पाहिजे. मला तो पोरगा पाहिजे जो शाळेत सगळ्यांच्या हाडांचे सापळे दिसायला लागल्यावर कपाटात लपून बसतो.” त्या कपाटाच्या प्रसंगाला माझ्याकडे उत्तर नाही. दाराबाहेरून आईनं त्याला फक्त तिच्या आवाजाकडे लक्ष द्यायला सांगणं, हे सुपरमॅनच्या कुठल्याही सिनेमातलं सर्वांत हळवं लेखन असेल. वेगळं असणं, दत्तक असणं, गावात परका असणं आमच्या या मुलाला त्या सिनेमात दिसलं, आणि ज्याला पंधराव्या-सोळाव्या वर्षी असं काही पडद्यावर दिसतं तो ते आयुष्यभर सोडत नाही. मी रीव्हला सोडलाय का?

त्याचा हुकमी मुद्दा असा: “पहिलाच दिवस होता हो त्याचा!” मी म्हणतो, हेलिकॉप्टरची रात्रसुद्धा रीव्हची पहिलीच होती. त्यावर तो म्हणतो, त्या रात्री समोर झॉड नव्हता. हे त्याचं बरोबर. पण ‘सुपरमॅन २’मध्ये झॉड होता, एकटा नव्हे तर तिघं. शहरात मारामारी चालू असताना त्यांना याची दुखरी जागा कळते: याला ही माणसं प्रिय आहेत. पाळीव प्राण्यांसारखी का, असंही विचारून होतं. मग ते लोकांवरच उलटतात, आणि सुपरमॅन लढाई अर्धी टाकून शहराबाहेर उडून जातो. लोकांना वाटतं पळाला. तो जाऊ देतो त्यांचा तसा समज.

एवढी टीका झाली ती स्नायडरच्या कानावर नक्की गेली. २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ची सुरुवात तेवढ्यासाठी मी अजूनही लावतो. तीच लढाई, पण आता रस्त्यावरून. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन, गाडी सोडून धुळीच्या लोटात उलटा धावतो, त्याच्या कंपनीची इमारत माणसांसकट कोसळते, पाय अडकलेला पहारेकरी, आई वर अडकलेली छोटी मुलगी. कॅमेरा जमिनीवर, नजर वर. पार्किंगकडे बघणाऱ्यांचा सिनेमा आला असं वाटून मी खुर्चीत सरसावून बसलो. पुढे तोच ब्रूस गुंडांना तापल्या शिक्क्यानं डागतो, गाड्यांसकट माणसं चिरडतो, आणि सिनेमाला त्याचं फार काही वाटत नाही. अमेरिकेत दुसऱ्या शनिवार-रविवारी गल्ला ६९ टक्क्यांच्या आसपास खाली आला. तरी जगभरात ८७ कोटी डॉलरच्या वर कमाई झालीच. आवडणाऱ्यांची संख्या कमी होती असं कुणी समजू नये.

२०२५ मध्ये जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ आला. त्यात राक्षसाशी लढताना हा एक खार वाचवतो. लाइटिंगवाला पोरगा सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “घ्या, दादा. झेलली तुमची खार.” खरं सांगायचं तर मलाही ती खार जरा जास्तच झाली. हेलिकॉप्टर झेलताना रीव्ह ‘बघा, मला तुमची किती काळजी’ असं म्हणत नव्हता. खारीचा शॉट तसं म्हणतो, आणि तो बारा वर्षांपूर्वीच्या भांडणाला दिलेलं उत्तर आहे हे लगेच कळतं. पोराला मी एवढंच म्हटलं की निदान खाली बघितलं त्यानं. आपल्या सेन्सॉरनं त्या सिनेमातल्या चुंबनाचे ३३ सेकंद कापले, खार ठेवली.