तुम्ही विचारलंत म्हणून : स्मार्ट मीटर पळतो का?

"नवा मीटर बसवला आणि बिल वाढलं. मीटर पळतो ना?" विजेतलं ज्याला थोडंफार कळतं त्याला सध्या लग्नाच्या पंगतीत, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी हाच प्रश्न गाठतो. थोडक्यात उत्तर असं, की मीटर बहुधा पळत नाही, तरी बिल खरोखर वाढलेलं असू शकतं. आणि पळतो की नाही हे घरच्या घरी बघता येतं, त्यासाठी कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही.

मीटरच्या तोंडावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, घरगुती सिंगल फेज मीटरवर बहुधा ३२०० आणि पुढे 'इम्प / केडब्ल्यूएच'. अर्थ इतकाच, की एक युनिट पूर्ण होईपर्यंत तो दिवा ३२०० वेळा लुकलुकणार. तुमच्या मीटरवर आकडा दुसरा असेल तर पुढचा हिशेब त्याने करा. इथेच पहिला घोटाळा होतो. स्मार्ट मीटरवर संपर्काचाही एक दिवा असतो, तो मोजणीचा नव्हे. घरात सगळं बंद असताना तो लुकलुकताना पाहून "बघा, रिकामा पळतोय" म्हणणारे पुष्कळ.

आता चाचणी. घरातले सगळे एमसीबी (बोर्डातली वीज तोडणारी बटणं) पाडा आणि दहा मिनिटं लाल दिवा बघा. तो थांबलाच पाहिजे. मग फक्त एक प्लग चालू करून बादलीत बुडवायचा १५०० वॅटचा रॉड लावा (आधी रॉड पाण्यात, मग बटण; चालू असताना पाण्यात हात नाही). इस्त्री नको, तिचा थर्मोस्टॅट मध्येच वीज तोडतो. दुसऱ्या माणसाने मीटरपाशी मोबाइलचं घड्याळ घेऊन ८० लुकलुकी मोजायच्या. ८० भागिले ३२०० म्हणजे ०.०२५ युनिट, म्हणजे २५ वॅट-तास. १५०० वॅटच्या रॉडला तेवढी वीज खायला बरोबर ६० सेकंद लागतात.

तुमच्याकडे ७२ सेकंद लागले, तर मीटर हळू चालतो असं समजू नका. रॉडवरचे १५०० वॅट हे २३० व्होल्टला असतात. संध्याकाळी लाइनला २१० व्होल्टच असतील तर तोच रॉड सुमारे १२५० वॅट ओढतो, कारण व्होल्टेज नऊ टक्के उतरलं की वॅट सतरा टक्के उतरतात. स्मार्ट मीटरचं बटण दाबत गेलं की पडद्यावर व्होल्टेज दिसतं, ते टिपून हिशेब करा. रॉडची स्वतःची घडणही पाच-दहा टक्के इकडेतिकडे असते. तेव्हा ही चाचणी बारीक चूक पकडणार नाही. पण "दुप्पट पळतो" म्हणजे ६० च्या जागी ३० सेकंद, ते मात्र लपत नाही.

बारीक चुकीचं काय? घरगुती मीटर अचूकतेच्या १.० वर्गाचा असतो, म्हणजे नेहमीच्या भाराला फार तर एक टक्का कमी-जास्त. २०० युनिटांमागे २ युनिटं. बिल सातशेचं चौदाशे व्हायला ती पुरत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक मीटर कधीच चुकत नाही असं मात्र नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात २०१७ मध्ये नऊ मीटर तपासले. डिमर (प्रकाश कमी-जास्त करायचं बटण) लावलेले एलईडी आणि बचतीचे दिवे जोडल्यावर त्यांतल्या पाचांनी जास्त वीज दाखवली, वाईटात वाईट मापन ५८२ टक्के जास्त. काही मीटरांनी कमीही दाखवली, ३२ टक्क्यांपर्यंत. दोष चिपच्या हुशारीचा नव्हता. प्रवाह ओळखणाऱ्या विशिष्ट तऱ्हेच्या सेन्सरचा होता, तो अतिशय तीव्र झटक्यांच्या प्रवाहाला फसत होता. आपल्याकडच्या सिंगल फेज मीटरांत फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर, बहुधा शंट म्हणजे धातूची साधी पट्टी असते. तिला हा दोष तसा लागत नाही. पण तुमच्या घरी डिमरवरचे खूप दिवे असतील, तर रॉडची चाचणी झाल्यावर एकदा फक्त ते दिवे लावून लुकलुक मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग बिल का वाढतं?

सगळ्यात मोठं कारण दरांच्या पायऱ्यांत आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांपेक्षा १०१ ते ३०० युनिटांचा दर साधारण दुप्पट. वापर १०० वरून १३० वर गेला, म्हणजे तीस टक्के वाढला, की विजेच्या आकारात जवळपास साठ टक्के वाढ. मीटर मार्च-एप्रिलमध्ये बदलला असेल तर पंखे, कूलर आणि नवा मीटर एकाच महिन्यात घरात शिरतात, आणि दोष भिंतीवरच्या नव्या पाहुण्यावर जातो.

दुसरं कारण बदलीच्या दिवसाचं. आधीचे महिने रीडिंग न घेता सरासरीने बिल आलं असेल, तर जुना मीटर उतरवताना खरा आकडा कळतो आणि साठलेला फरक एकदम पडतो. बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट आणि समायोजित युनिट अशी ओळ असते. बदलीच्या महिन्यात समायोजित युनिटच्या रकान्यात आकडा दिसला, तर तो बहुधा जुन्या मीटरचा शिल्लक हिशेब. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा चुकीचा लिहिला गेला तर भांडायला पुरावा काय? तर फोटो. मीटर उतरवायच्या आधी त्याचा आकडा आणि नंबर एकाच फोटोत, नव्याचा नंबर आणि सुरुवातीचा आकडा दुसऱ्या फोटोत. मीटर बदल अहवालावर सही करण्याआधी हेच आकडे त्यात आहेत का ते बघा. कोऱ्या अहवालावर सही करणारे कमी नाहीत.

तिसरं कारण खरं तांत्रिक आहे आणि फारसं बोललं जात नाही, म्हणून ते सविस्तर सांगतो.

तबकडीचा जुना मीटर प्रवाह फक्त फेजच्या वायरवर मोजायचा. नवा मीटर फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) दोन्हींवर मोजतो आणि ज्यावर जास्त दिसेल तो धरतो. ही सोय वीजचोरीसाठी केलेली. कुणी फेज-न्यूट्रलची अदलाबदल करून परतीची वाट मीटरबाहेरून, जमिनीतून काढली तरी चोरी पकडली जावी म्हणून. मधल्या काळातल्या पुष्कळ इलेक्ट्रॉनिक मीटरांतही ती होती. पण ज्याच्याकडे ती पहिल्यांदाच आली, त्याच्या वायरिंगचं जुनं पाप ती उघडं पाडते.

समजा एकाच घराला दोन मीटर आहेत, खाली वडिलांच्या नावे, वर मुलाच्या. वरच्या खोलीत एसीचा पॉइंट काढताना वायरमनने फेज वरच्या बोर्डातून घेतला आणि न्यूट्रल जवळ पडला म्हणून खालच्या बोर्डातून. एसी ५ अँपिअर ओढतो. वरच्या मीटरला फेजवर ५ दिसतात, न्यूट्रलवर शून्य. जास्तीचे ५, तो ५ मोजतो. खालच्या मीटरला फेजवर शून्य, न्यूट्रलवर ५; जास्तीचे ५, तोही ५ मोजतो. एक एसी, दोन बिलं. दोन्ही मीटर प्रयोगशाळेत नेले तर दोन्ही निर्दोष ठरतील, कारण ते निर्दोषच आहेत. चाळीत, वाड्यात, जिन्याच्या सामायिक दिव्यात, इन्व्हर्टरच्या जोडणीत हा 'मिक्स न्यूट्रल' नेहमी सापडतो.

ओळखायची खूण सोपी. तुमच्याकडचे फेजचे एमसीबी पाडलेले असताना शेजाऱ्याची किंवा वरच्या मजल्याची मोटर सुरू झाली की तुमचा लाल दिवा लुकलुकू लागतो. अनेक मीटरांवर अर्थ-लोडची, म्हणजे फेज आणि न्यूट्रलमधला प्रवाह जुळत नसल्याची, वेगळी खूणही पेटते. पक्की खात्री क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीला चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या यंत्राने. तुमच्या घराकडे जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकदम चिमट्यात धरायच्या. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर काटा शून्यावर राहतो. शून्य नसेल तर वीज दुसऱ्या वाटेने जातेय किंवा येतेय. परवानाधारक वायरमन हे दहा मिनिटांत करतो, मीटरच्या सीलला हात न लावता. आणखी एक चुगलखोर म्हणजे आरसीसीबी, जाणारा आणि येणारा प्रवाह जुळला नाही की वीज तोडणारी पेटी. मिक्स न्यूट्रल असलेल्या घरात ती टिकत नाही, सारखी पडते. म्हणून कुणीतरी ती काढून टाकलेली असते आणि "खराब होती" असं सांगितलेलं असतं. खराब ती नव्हती, आणि ती नसलेलं घर झटक्यापासूनही असुरक्षित.

आता राजकारण, कारण प्रश्नाच्या पोटात तेच असतं.

केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचं लक्ष्य ठेवलं. आपल्यासारख्या राज्याला एका मीटरमागे १५ टक्के किंवा ९०० रुपये, जे कमी असेल ते अनुदान. महाराष्ट्रात निघालेल्या निविदांत दहा वर्षांची देखभाल धरून मीटरमागे सुमारे १२,००० रुपये पडतात. ग्राहकाकडून मीटरचे पैसे घेत नाहीत हे खरं. पण वीज कंपनीचा खर्च शेवटी वीज नियामक आयोगापुढच्या दरयाचिकेत (दर ठरवण्याच्या अर्जात) येतो, आणि वाचलेली गळती (चोरीत आणि वाटेत वाया जाणारी वीज) त्यातून वजा होईल की नाही यावर सगळा सौदा अवलंबून आहे. हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. घरोघर रीडिंग घेणाऱ्यांच्या रोजगाराचा आहे, आणि प्रीपेडची सक्ती करता येते का, हाही आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४७ मध्ये प्रीपेड घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडून अनामत मागू नये असं म्हटलंय. 'तयार असलेल्या' म्हणजे निवड त्याची, असं ग्राहक संघटना म्हणतात. उलट २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत नवी जोडणी प्रीपेड मीटरवरच द्यावी, अपवाद आयोगाने ठरवावेत, असं आहे.

जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असं जाहीर केलं. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात होती. पुढे तोच स्मार्ट मीटर पोस्टपेड पद्धतीने, 'टीओडी मीटर' या नावाने आला. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर. महावितरणने घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर जुलै २०२५ पासून युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली. पहाटे सहाच्या गिझरला ती नाही. दुपारी लावलेल्या वॉशिंग मशीनला आणि पाण्याच्या मोटरला आहे. तुम्हाला ती मिळते का ते बिलावरच बघा.

"मीटर पळतो" ही घोषणा या सगळ्या भांडणाला कमजोर करते असं माझं मत आहे. मीटर तपासायला जातो, अचूक ठरतो, तक्रार निकाली निघते, आणि १२,००० रुपयांचा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून अर्जात 'मीटर फास्ट आहे' एवढंच लिहू नका. 'नोंद झालेला वापर प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही, समांतर तपासणी मीटर बसवावा' असं लिहा. फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनुसार अशी तक्रार आल्यापासून पाच दिवसांत कंपनीने जादा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने ठेवायचा असतो. सोबत ८० लुकलुकींचे सेकंद, त्या वेळचं व्होल्टेज, बदलीच्या दिवसाचे दोन फोटो आणि ॲपवरचे रोजच्या वापराचे आकडे जोडा. घर कुलूपबंद होतं त्या दिवसांचे तर आवर्जून, कारण फ्रिज सोडून काही चालू नसताना पाच-सहा युनिटं दिसली तर ते कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. अर्जाची पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल, मुंबईला आणि नागपूरला. मिक्स न्यूट्रल निघाला तर मात्र या कुठल्याच दारात जाऊ नका, वायरमनला बोलवा.