क्रूझवरचे ‘गोवा’ म्हणजे मुरगाव: सहल न घेता स्वतः फिरणाऱ्यांसाठी

मुंबईहून निघणाऱ्या जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेवर दुसऱ्या दिवसासमोर ‘गोवा, सकाळी १० ते संध्याकाळी ६’ एवढेच छापलेले होते आणि शेजारी माडांच्या रांगेचे छायाचित्र होते. त्यावरून मी आणि ताईने आठ तास हाताशी धरून कळंगुट, बागा आणि जमल्यास पणजी असा बेत ठाण्यातच आखून टाकला होता. ही आमची पहिली आणि सर्वांत महागात पडू शकली असती अशी चूक होती. जहाज लागते ते मुरगाव बंदरात, म्हणजे जुवारी नदीच्या मुखाच्या दक्षिण काठावर. सगळ्यांच्या डोक्यात असलेली ती किनारपट्टी मांडवीच्याही पलीकडे, उत्तरेला, साधारण ४५ किलोमीटरवर आहे. त्यामुळे सुरुवातीलाच स्पष्ट सांगते की, क्रूझच्या एका दिवसात मुरगावहून बागा-कळंगुट करण्याच्या फंदात कोणीही पडू नये. बंदराजवळचे वास्को शहर, बोगमाळोचा किनारा आणि दाबोळीचा परिसर यातच दिवस बसवावा, तो व्यवस्थित बसतो.

आता त्या आठ तासांचा हिशोब. जहाज धक्क्याला लागायलाच सव्वादहा वाजून गेले. नंतर कंपनीच्या सहली घेतलेल्या प्रवाशांचे गट एकामागून एक आधी सोडण्यात आले आणि स्वतंत्र फिरणाऱ्यांना सव्वाअकराला उतरायला मिळाले. बंदराच्या आवारात पायी फिरण्यास मनाई असल्यामुळे जहाजाच्या बसने फाटकापर्यंत जावे लागते, आणि ती बस भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकले तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. परतीची वेळ ६ नव्हे, तर ५ होती, कारण जहाज सुटण्याआधी एक तास सर्वांना आत घेतले जाते. त्यात फाटकावरची तपासणी आणि पुन्हा ती बस धरली, तर सव्वाचारला फाटकाशी हजर असणे सुरक्षित. म्हणजे छापलेल्या आठ तासांतले आमच्या हाती उरले साडेचार तास. बागेला जाऊन यायचे तर दोन नद्या ओलांडायच्या, पर्वरीची कोंडी पार करायची आणि जानेवारीच्या गर्दीत जाता-येता मिळून किमान तीन तास गाडीतच काढायचे. उरलेल्या दीड तासात वाळूवर बसायचे की सतत घड्याळ पाहायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

फाटकाबाहेरचा प्रसंग मात्र मला सविस्तर लिहायलाच हवा, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. बाहेर टॅक्सींची रांग उभी होती. पहिल्याच चालकाने बोगमाळोला नेऊन, दोन तास थांबून परत आणण्याचे अडीच हजार रुपये सांगितले. बोगमाळो वास्कोपासून आठ किलोमीटरच्या आत आहे हे मला नकाशावरून ठाऊक होते, म्हणून मी नकार दिला आणि फक्त वास्को शहरापर्यंत सोडण्याचे विचारले. त्या चार किलोमीटरना त्याने सहाशे रुपये सांगितले. बस कुठे मिळेल असे विचारताच तो शांतपणे म्हणाला, “बाय, हांगा बस मेळना.” मग मराठीत त्याने समजावले की चालत जाता येणार नाही, ऊन फार आहे आणि दुसरी गाडीही मिळणार नाही. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत हे बहुतेकांना माहीत असते. गोवामाइल्स हे टॅक्सीचे ॲप आहे, पण मी तिथे उभी राहून पंधरा मिनिटे प्रयत्न केला तरी एकही गाडी यायला तयार झाली नाही. आमच्याबरोबर उतरलेल्या दोन कुटुंबांनी एवढ्यात अडीच-अडीच हजार मोजून टाकले होते. त्यांच्याबरोबर लहान मुले होती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

आम्ही दोघी चालत निघालो. महिन्यातून एकदा तरी एखादा डोंगर चढणाऱ्या माणसाला हे अंतर काहीच नाही, पण हा रस्ता चालण्यासाठी केलेलाच नाही, हे निघण्याआधी जाणून घ्या. मुरगावच्या बंदरात कोळशाची मोठी उलाढाल होते आणि त्याची धूळ हा इथल्या रहिवाशांचा जुना, खरा आणि अजूनही न सुटलेला प्रश्न आहे. त्या रस्त्यावर वीस मिनिटे चालल्यावर तो प्रश्न तुमच्या घशालाही कळतो. पदपथ सलग नाही, सावली नाही, आणि अवजड गाड्या इतक्या जवळून जातात की प्रत्येक वेळी रस्ता सोडून कडेच्या खडीत उतरावे लागते. ताईने ओढणी नाकाला बांधली होती, तरी संध्याकाळी ती धुताना पाणी काळे झाले. सुमारे दीड किलोमीटर चालून सडा या वस्तीकडून येणारा रस्ता मिळतो तिथे पोहोचलो, आणि दोन मिनिटांत ‘सडा–वास्को’ अशी पाटी लावलेली मिनीबस समोर येऊन थांबली. भाडे इतके किरकोळ होते की सुट्टे शोधण्यातच वेळ गेला. त्या क्षणी मला झालेला आनंद प्रमाणाबाहेर होता हे मान्य करते, तरी माझा सल्ला त्यामुळे बदलत नाही. एकटे-दुकटे असाल, पायांत चांगले बूट असतील, नाकातोंडावर बांधायला काही असेल आणि वेळ सकाळची असेल, तर हा दीड किलोमीटर चालावा. मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर मुळीच चालू नये. फाटकाशीच आणखी एखादे कुटुंब गाठून वास्कोपर्यंतची एक टॅक्सी वाटून घ्यावी आणि पुढचा व्यवहार वास्कोत करावा. फाटकावर पूर्ण दिवसाची टॅक्सी ठरवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

वास्कोत पोहोचल्यावर सगळे सोपे होते. बोगमाळोच्या मिनीबस आहेत, पण त्या मोजक्या आहेत आणि एक चुकली तर बराच वेळ जातो. म्हणून आम्ही पायलट घेतले. पायलट म्हणजे गोव्यातली परवानाधारक मोटारसायकल टॅक्सी, पुढच्या चाकावरच्या पिवळ्या मडगार्डवरून ती लगेच ओळखता येते. एका पायलटमागे एकच प्रवासी बसतो, त्यामुळे दोघींसाठी दोन पायलट घ्यावे लागले आणि माणशी दोनशे रुपये ठरले. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे, हेल्मेट मागून घ्यावे, आणि परत न्यायला किती वाजता यायचे हेही तेव्हाच सांगून ठेवावे, कारण बोगमाळोच्या किनाऱ्यावर पायलट आयते उभे असतीलच असे नाही. आमचे दोघेही सांगितलेल्या वेळेला पाच मिनिटे आधी येऊन थांबले होते. स्कूटर भाड्याने घेण्याचा विचार असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्त मिळते, पण ती भाड्याने देणे बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवले तर तुमचे जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

बोगमाळोचा किनारा लहान, अर्धवर्तुळाकार आणि जानेवारीत शांत असतो. पाणी स्वच्छ होते, जीवरक्षक हजर होते, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात आम्ही पाऊण तास पोहलो आणि सगळे छान झाले. किनाऱ्यावरच्या शॅकमधले जेवण मात्र मला टाळण्यासारखे वाटले. जो पापलेट आला तो ताजा नव्हता आणि त्याचे जे पैसे लावले त्यात वास्कोत दोघींना पोटभर शीतकडी (भात आणि माशाची आमटी), तळलेला मासा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि तिसऱ्यांचे सुके मिळाले असते. म्हणून किनाऱ्यावर फक्त शहाळे प्यावे आणि जेवायला वास्कोत परतावे. तिथल्या बाजारालगतच्या साध्या खानावळींत दुपारी गर्दी असते, पण ती गर्दी स्थानिकांची असते आणि तेवढे प्रमाणपत्र मला पुरे वाटते.

परतीच्या वाटेवर, बोगमाळोच्या रस्त्यालाच नौदलाचे विमानवाहतूक संग्रहालय आहे. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून उड्डाण करणारी सी हॉक आणि अलिझे विमाने, सी हॅरियर, आणि एक प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन उघड्या मैदानात ठेवलेली आहेत. १९७१च्या युद्धात पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर ज्या जातीच्या विमानांनी काम केले, त्यांच्या पंखाखाली उभे राहणे ही माझ्यासाठी समुद्रस्नानापेक्षा मोठी गोष्ट होती. चाळीस मिनिटे पुरतात. सोमवारी ते बंद असते, तेव्हा आपले जहाज कोणत्या वारी लागणार आहे ते पाहून ठेवावे. हा सारा परिसर नौदलाच्या तळाचा आणि धावपट्टीचा असल्याने ड्रोन बरोबर नेऊच नये. बंदराच्या आवारातही छायाचित्रे काढू देत नाहीत.

वास्कोहून फाटकापर्यंत आम्ही शहरातल्या टॅक्सीने परतलो आणि त्याचे तीनशे रुपये दिले. तेच चार किलोमीटर, तीच वाहतूक, आणि सकाळी विरुद्ध दिशेने त्याचेच सहाशे सांगितले गेले होते, हे मी मुद्दाम इथे नोंदवते.

फाटकावर मात्र आमच्याच चुकीने वीस मिनिटे गेली. जहाजाचे कार्ड दोघींकडे होते, पण ताईचे आधारकार्ड केबिनच्या तिजोरीत राहिले होते आणि तिच्या फोनमधले छायाचित्र पहारेकऱ्याला मान्य नव्हते. जहाजाच्या कर्मचाऱ्याला बोलावून, यादीत नाव शोधून, मग आत सोडले. मागे उभ्या असलेल्या माणसांची चलबिचल आणि जवळ येणारे पाच पाहता ती वीस मिनिटे मला दिवसभरातली सर्वांत लांब वाटली. तेव्हा जहाजाचे कार्ड आणि मूळ ओळखपत्र ही दोन्ही अंगावरच ठेवावीत, पिशवीतही नको. काजू कितीही आणावेत, फेणीची बाटली मात्र चढताना काढून घेतात आणि प्रवास संपल्यावर परत देतात. समुद्रात नेटवर्क जात असल्याने नकाशा मुंबईतच फोनमध्ये उतरवून घ्यावा.

जे एकेरी प्रवास करून गोव्यातच उतरणार आहेत त्यांनी परतीचे विमान काढताना विमानतळाचे नाव नीट वाचावे. दाबोळी वास्कोला लागूनच आहे, तर २०२३च्या जानेवारीपासून सुरू झालेले मोपा पेडणे तालुक्यात, राज्याच्या पार उत्तर टोकाला आहे. बंदरातून तिथे जायला अख्खा गोवा ओलांडावा लागतो आणि टॅक्सीचे भाडे विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करते.

पाचला दहा मिनिटे कमी असताना शेवटच्या बसमधून एक तरुण जोडपे धावत उतरले. सकाळी टॅक्सीच्या रांगेत ती दोघे आमच्या पुढेच होती. साडेपाच हजार रुपये देऊन ती बागेला गेली होती आणि वाळूवर त्यांना वीस मिनिटे मिळाली होती, तीही पाण्यात न उतरता. मुलीच्या पायांतल्या नव्या चपलांना वाळूचा कणही लागलेला नव्हता. रात्री जेवताना तिने आम्हाला बोगमाळो कुठे आहे ते विचारले, तेव्हा जहाज मुरगावचा दीपस्तंभ मागे टाकून बरेच पुढे आले होते.